स्वमग्नता आणि एडीएचडी: निदान चाळिशीनंतर होते तेव्हा

स्वमग्नता आणि एडीएचडी या अवस्था माणसाला चाळिशीत जडत नाहीत. त्या मेंदूच्या घडणीतच असतात आणि बाळपणापासून सोबत असतात. उशिरा येते ते त्यांचे नाव. माझ्या बाबतीत ही दोन्ही नावे एकाच कागदावर आली, तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते. तोवर मला इतर नावे होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा जवळजवळ दरवर्षी असे. माहेरी मी धांदरट आणि हट्टी होते, सासरी ‘जरा तुटक’ होते. मी मुद्रितशोधनाचे काम करते. चारशे पानांच्या पुस्तकात चुकलेली एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याच दिवशी गॅसवर ठेवलेले दूध उतू जाऊन भांडे करपेपर्यंत मला आठवत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कशा, हे कोडे ज्यांना पडले आहे त्यांच्यासाठी, आणि जे स्वतःच त्या कोड्यात दिवस काढत आहेत त्यांच्यासाठी, हा लेख आहे.

आधी शब्दांविषयी थोडे. ‘स्वमग्नता’ हा शब्द मराठीत रुळला आहे, म्हणून मी तो वापरते. पण तो मला पुरता पटत नाही. त्यावरून असे वाटते, की हा माणूस स्वतःतच बुडालेला आहे आणि बाहेरच्या जगाची त्याला फिकीर नाही. माझ्यासारख्या अनेकांची अडचण याच्या उलट असते. बाहेरचे जग फार मोठ्या प्रमाणात आत येते आणि त्यातले महत्त्वाचे कोणते, सोडून देण्याजोगे कोणते, ही निवड आपोआप होत नाही. ‘एडीएचडी’चा उलगडा ‘अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता’ असा करतात. तिथेही ‘कमतरता’ हा शब्द फसवा आहे. अवधान भरपूर असते; ते कुठे लावायचे आणि कुठून काढून घ्यायचे, यावरचा ताबा सैल असतो.

या दोन्ही अवस्थांचे निदान रक्ताच्या तपासणीवरून किंवा मेंदूच्या छायाचित्रावरून होत नाही. माणूस लहानपणापासून कसा वागत आला, याची सविस्तर विचारपूस हाच निदानाचा आधार असतो. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या ‘डीएसएम’ या निदानग्रंथाची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तिच्यानुसार स्वमग्नतेत दोन बाजू दिसाव्या लागतात: एक म्हणजे इतरांशी संवाद आणि संबंध राखण्यातली अडचण, दुसरी म्हणजे त्याच त्या पद्धतीने वागण्याची ओढ, बदलाचा त्रास, एखाद्या विषयाचा अतिशय खोल ध्यास, आणि आवाज, स्पर्श, वास, उजेड यांबाबतची तीव्र किंवा अगदी मंद संवेदना. संवेदनांचा हा मुद्दा निकषांमध्ये स्पष्टपणे आला तो याच आवृत्तीत. एडीएचडीत लक्ष विचलित होण्याची नऊ आणि अतिचंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणे दिलेली आहेत. प्रौढांमध्ये एका गटातली किमान पाच असावी लागतात, त्यांतली काही बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि घर, शाळा, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी ती दिसावी लागतात. आयुष्यात दगदग वाढली की विसराळूपणा कोणालाही येतो. त्यापासून ही अवस्था वेगळी काढण्यासाठीच या अटी आहेत.

मग इतका उशीर का होतो? याचे एक कारण विज्ञानाच्या इतिहासात आहे. ग्रून्या सुखारेवा या मॉस्कोतील डॉक्टर महिलेने १९२६ साली एका जर्मन नियतकालिकात सहा मुलांचे जे वर्णन केले, ते आज आपण ज्याला स्वमग्नता म्हणतो त्याच्याशी चांगलेच जुळते. पण ते दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर लिहिलेला निबंध प्रमाण मानला गेला, आणि पुढची कित्येक दशके स्वमग्न म्हणजे फारसे न बोलणारे, नजर न देणारे लहान मूल असेच चित्र डॉक्टरांच्याही मनात राहिले. भरपूर बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असणाऱ्या माणसांकडे इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांचे लक्ष वेधले ते लोर्ना विंग यांच्या १९८१ सालच्या लेखाने. त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. डीएसएमच्या १९९४ च्या आवृत्तीत असा नियमच होता, की स्वमग्नतेच्या गटातले निदान झाले असेल तर त्याच माणसाला एडीएचडीचे निदान स्वतंत्रपणे द्यायचे नाही. हा नियम २०१३ साली रद्द झाला. म्हणजे माझ्या शाळा-कॉलेजच्या सबंध काळात, अगदी जगातल्या सर्वांत जाणत्या डॉक्टरांपुढे मला नेले असते तरी, दोन्ही नावे एकत्र मिळण्याची सोय त्या ग्रंथात नव्हती. हे कळल्यावर आईबापांवरचा माझा राग बराच निवळला, हे मुद्दाम सांगते. कारण उशिरा निदान झालेल्या पुष्कळांच्या मनात तो राग असतो.

दुसरे कारण मुलींचे आहे. स्वमग्नतेचे प्रमाण मुलग्यांमध्ये मुलींच्या चौपट असते असे बराच काळ मानले जाई. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात ते तिपटीच्या आसपास निघाले, आणि मुली तपासणीतून सुटून जातात हेही त्यात दिसले. सुटून का जातात, हे आपल्या घरांमध्ये पाहिले तर समजायला अवघड नाही. वर्गात बाकावर उभा राहणारा मुलगा लगेच सर्वांच्या नजरेस येतो. खिडकीबाहेर पाहत मनातल्या मनात शब्दांचे खेळ करणारी, सुंदर अक्षर असलेली, गप्प मुलगी कोणाच्या तक्रारीचा विषय होत नाही.

आता मुख्य मुद्दा. स्वमग्नता आणि एडीएचडी एकत्र असल्या की त्यांची बेरीज होत नाही, ओढाताण होते. एकीला ठरलेपणा हवा असतो, दुसरीला नावीन्य. एकीला शांतता हवी असते, दुसरीला काहीतरी चालू असल्याशिवाय करमत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही धड दिसत नाहीत. माणूस इतका उत्स्फूर्त आहे, म्हणजे स्वमग्न नसणार. कपाटातल्या वस्तू इतक्या बारकाईने लावतो, म्हणजे एडीएचडी नसणार, असे अनुमान काढले जाते. अशा रीतीने प्रत्येक अवस्था दुसरीला झाकून टाकते.

आमच्याकडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहिला जातो, तसा तो पुष्कळ घरांत लिहिला जातो. लग्नानंतर मी त्याची स्वतंत्र वही केली. पट्टीने आखलेले रकाने, दुधाला निळी शाई, पेपरवाल्याला हिरवी, इस्त्रीवाल्याला लाल. महिन्याच्या शेवटी बेरीज दोनदा पडताळलेली. सहा आठवडे ती वही इतकी नेटकी होती, की जाऊबाईंनी ती शेजाऱ्यांना दाखवली. सातव्या आठवड्यात एका दिवशी नोंद राहिली. एक रकाना रिकामा दिसला म्हणून ती वही उघडणेच मला नकोसे झाले, आणि महिनाभरात दूधवाल्याशी हिशेबावरून वाद झाला. पुढच्या वीस वर्षांत मी अशा किती पद्धती उभ्या केल्या याची गणती नाही: वह्या, चिठ्ठ्या, लिहायचे फळे, मोबाइलमधली ॲपे. प्रत्येक वेळी पद्धत उभारण्यातला आनंद खरा होता, ती कोसळल्यावरची लाजही खरी होती. आज मला यातली यंत्रणा कळते. व्यवस्था बांधण्याची गरज स्वमग्नतेची होती, त्या व्यवस्थेचा कंटाळा एडीएचडीचा होता, आणि व्यवस्था मोडल्यावर होणारी घालमेल पुन्हा स्वमग्नतेची होती. आता मी पद्धत उभी करतानाच गृहीत धरते, की ती दोन महिन्यांत जुनी होणार आहे, आणि मोडल्यावर ती सुधारत बसण्याऐवजी नवी वही घेते. हा खर्च वर्षाला दोनतीनशे रुपयांचा असेल. त्याआधीच्या मनस्तापाच्या मानाने तो काहीच नाही.

लोकांना सर्वांत अवघड जाते ते हे समजणे, की एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती करता येणे यांच्यामध्ये मोठी दरी असू शकते. विजेचे बिल हे त्याचे उदाहरण. बिल टेबलावर, पैसे खात्यात, मोबाइल हातात. भरायला दोन मिनिटे लागतात हे मला कोणीही सांगायला नको. तरीही ते काम सुरूच होत नाही. मी बिलाकडे दिवसातून दहा वेळा पाहते, प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो, आणि तो गोळाच ते काम आणखी दूर ढकलतो. मेंदूत एक कामकाज सांभाळणारी बाजू असते, जी काम सुरू करणे, पायऱ्यांचा क्रम लावणे, पुढची पायरी लक्षात ठेवणे आणि वेळेचा अंदाज घेणे ही कामे करते. एडीएचडीत नेमकी तीच अडखळते. दहा दिवसांनी मिळणारे फळ किंवा दहा दिवसांनी होणारा दंड आत्ता खराच वाटत नाही. वेळेच्या बाबतीत ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ असे दोनच कप्पे असतात, असे या अवस्थेतले लोक सांगतात, आणि माझा अनुभव तंतोतंत तसाच आहे. एकदा घरातली वीज खरोखरच तोडली गेली, तेव्हा आई म्हणाली, “अगं, एवढी शिकलेली तू, आणि साधं बिल भरता येत नाही?” त्या ‘साधं’ या शब्दाने जेवढे दुखले, तेवढे अंधाराने दुखले नाही. आता बिल बँकेच्या खात्यातून आपोआप वळते होते. इच्छाशक्तीवर जे काम सोपवायचे नाही, ते काढून घेणे हाच यावरचा खरा उपाय आहे.

संवेदनांविषयी थोडक्यात सांगते. कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असते, तरी ती झाली की अंगावर कोणी ओरडल्यासारखी मी दचकते. मिक्सर, नळाचे ठिबकणे, शेजारचा दूरदर्शन आणि मुलाचा प्रश्न हे चारही आवाज मला एकाच उंचीचे ऐकू येतात, त्यामुळे प्रश्न हरवतो आणि ‘ऐकूनही उत्तर देत नाही’ असा समज होतो. आतल्या संवेदना मात्र उशिरा पोचतात. भूक लागली आहे हे दुपारी चारला हात थरथरू लागल्यावर कळते. स्वयंपाकघराचे दार लावून घेणे, कानांत मऊ बोळे घालणे आणि एक वाजताच्या जेवणासाठी मोबाइलवर घंटा लावणे, एवढ्या तीन गोष्टींनी माझी संध्याकाळची चिडचिड निम्म्याने कमी झाली.

माणसांशी वागण्याचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. मराठी घरांत पुष्कळसे बोलणे आडून असते. पाहुण्याने चहाला ‘नको’ म्हटले तर पुन्हा आग्रह करायचा असतो. ‘या एकदा घरी’ हे आमंत्रण नसते. ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही. इतरांना हे कोणी शिकवावे लागत नाही. मी ते परक्या भाषेच्या व्याकरणासारखे, नियम आणि अपवाद पाठ करून शिकले. लग्नाच्या हॉलमध्ये कोणाला वाकून नमस्कार करायचा, कोणाशी किती वेळ बोलायचे, हसू कितपत ठेवायचे, याची माझ्या डोक्यात सतत आकडेमोड चालू असते, आणि त्याच वेळी एडीएचडीमुळे समोरच्याचे वाक्य मधेच तोडले जाते, तेही सावरायचे असते. यालाच ‘मास्किंग’ म्हणतात. हे ढोंग नव्हे; समोरच्याला अवघडू नये म्हणून केलेले कष्ट आहेत. मात्र त्याची किंमत नंतर मोजावी लागते. माझ्या नणंदेच्या लग्नानंतर मी दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होते, तोंडातून शब्द फुटत नव्हता. घरच्यांनी ‘रुसली’ असा अर्थ लावला. त्या स्थितीला ‘शटडाउन’ असे नाव आहे आणि ती थकव्याची परिसीमा असते, हे मला पंधरा वर्षांनी समजले.

इथे एका विचाराचा उल्लेख करायलाच हवा. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनी २०१२ साली असे मांडले, की स्वमग्न आणि इतर माणसांमधला गैरसमज दुतर्फी असतो. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही असे म्हणताना, इतरांनाही स्वमग्न माणसाचे मन तितकेच कळत नाही, ही बाजू सोडून दिली जाते. मला हा विचार फार मोलाचा वाटतो, कारण समजून घेण्याचे ओझे त्यामुळे दोघांमध्ये वाटले जाते.

निदानासाठी प्रौढांनी मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रौढांच्या तपासणीचा अनुभव असलेले चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. हे सांगणे सोपे आहे, पण अशी व्यक्ती मिळणे सोपे नाही. मी ज्या पहिल्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी दहा मिनिटांत सांगितले, की तुमचे लग्न झाले आहे, नोकरी आहे, तुम्ही माझ्याकडे पाहून बोलता, तेव्हा असे काही नसणार. त्यांनी चिंतेवरची गोळी लिहून दिली. चिंता होतीच, ती खोटी नव्हती. पण ती फांदी होती, मूळ वेगळे होते. दुसऱ्या ठिकाणी चार बैठका झाल्या, आईला दोन तास प्रश्न विचारले गेले, जुनी प्रगतिपुस्तके मागवली गेली. थायरॉइड, झोप, नैराश्य यांची तपासणी आधी झाली, आणि ती व्हायलाच हवी, कारण लक्ष न लागण्याची कारणे अनेक असतात. इंटरनेटवरील प्रश्नावल्या सोडवून शंका घ्यायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांच्या एडीएचडीसाठी अठरा प्रश्नांची यादी आहे, ती उपयोगी आहे. परंतु तिचे उत्तर म्हणजे निदान नव्हे.

औषधांबाबत स्पष्ट असावे. स्वमग्नता घालवणारे औषध नाही आणि तसा दावा करणाऱ्यांपासून दूर राहावे. एडीएचडीची लक्षणे सौम्य करणारी औषधे मात्र आहेत. मिथाइलफेनिडेट हे त्यांतले सर्वांत परिचित. भारतात ते ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत मोडते, त्यामुळे डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षे जपून ठेवतो, साहजिकच ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. अॅटोमॉक्सेटीन हे वेगळ्या प्रकारचे औषध असून त्याचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात. दोन्हींत रक्तदाब आणि नाडीचे ठोके यांवर लक्ष ठेवावे लागते. गोळी सुरू झाल्यावर मला एक अनपेक्षित गोष्ट जाणवली. डोक्यातला गलका शांत झाला आणि त्याखाली दडलेली स्वमग्नता अधिक उघड झाली: कपड्यांचे टाके टोचू लागले, ठरलेली वेळ चुकली की पूर्वीपेक्षा जास्त अस्वस्थ वाटू लागले. डॉक्टरांनी याची कल्पना दिली नसती तर मी गोळीच बंद केली असती.

कायद्याची बाजूही अर्धी आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकार नोंदवले आहेत. त्यांत स्वमग्नता आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते, आणि स्वमग्नतेच्या मोजमापासाठी वापरली जाणारी ‘इसा’ ही चाळीस मुद्द्यांची मोजपट्टी मुख्यतः मुले आणि किशोर डोळ्यांपुढे ठेवून बनलेली आहे. आयुष्यभर मास्किंग करत आलेली चाळिशीची बाई त्या पट्टीवर नीट मोजली जात नाही, असे माझे मत आहे, आणि प्रौढांसाठी वेगळे साधन तयार व्हायला हवे. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही. कार्यालयात मी मागितले ते इतकेच: कामाच्या सूचना तोंडी न देता लिहून द्याव्यात, आणि माझे टेबल दारापासून भिंतीकडे हलवावे. दोन्हींना पैसा लागला नाही.

निदानानंतर सुटकेचा निःश्वास सोडला जातो, तसे दुःखही होते. गेलेली वर्षे डोळ्यांपुढून सरकतात. सुटलेल्या नोकऱ्या, तुटलेल्या मैत्री, स्वतःला दिलेल्या शिव्या. या दुःखाला वेळ द्यावा लागतो आणि घरच्यांनी ‘आता कळलं ना, मग झालं’ म्हणून ते आटोपते घेऊ नये. माझ्या आईला आधी वाटले, की तिच्या संगोपनात चूक झाली म्हणून हे झाले. या अवस्थांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि आईच्या वागण्याने त्या होत नाहीत, हे डॉक्टरांनी तिला समजावले. तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग तिच्या वडिलांविषयी बोलू लागली. आजोबा रोज एकाच ताटात जेवत, रेल्वेचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होते, आणि गावात त्यांना सगळे ‘विक्षिप्त’ म्हणत.

आई आता एकाहत्तर वर्षांची आहे. पूर्वी ती दिवसातून केव्हाही फोन करी आणि एका दमात पाच प्रश्न विचारी. मी तिसऱ्या प्रश्नाला अडकले की ती दुखावून फोन ठेवी. आता ती आधी संदेश पाठवते: “सात वाजता फोन करू का? डब्याबद्दल विचारायचंय.” सात वाजता फोन येतो. ती डब्याबद्दल विचारते, माझे उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबते, आणि मग दुसरा प्रश्न विचारते.